मऊ चकलीला वन्स मोअर

१

दुपारची जेवणं झाली की कर्वेनगरातली आमची सोसायटी डोळे मिटते. वॉचमन खुर्चीत मान टाकतो, भंगारवाले त्या वेळेला फिरकत नाहीत, आणि चुकून कोणी दाराची बेल वाजवलीच तर त्याच्याकडे असं बघितलं जातं की तो पुन्हा कोणाचीच बेल वाजवत नाही. पुण्याबाहेरचे लोक या वामकुक्षीची चेष्टा करतात. आम्ही त्या वेळात रेकॉर्डिंग करतो.

आम्ही म्हणजे ‘फराळ आणि मंडळी’. सुदर्शनमामा गातो. शर्मिलामामी परात, चकलीचा सोऱ्या आणि कुकरची शिटी वाजवते. वरच्या मजल्यावरचा चेतन घरी बसून एका अमेरिकन कंपनीचं काम करतो आणि आमच्याकडे येऊन पाण्याचं पिंप तबल्यासारखं बडवतो. मी पेटी धरते आणि लॅपटॉप सांभाळते. विषय एकच: दिवाळीतली दुःखं. न पेटणारा आकाशकंदील, पहाटे अंगाला लागणारं गार तेल, शेजारून आलेले आणि आपल्यापेक्षा बरे झालेले अनारसे. गाणी झाली की ती नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. तिथे त्यांना अंगठे मिळतात आणि कोल्हापूरच्या आत्या ‘पेटी जरा बेसूर’ असं न चुकता कळवतात.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं. मी शिकले नॉर्वेच्या पार उत्तरेला, जिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. त्या काळोखात तिथला मासेवाला, दातांचा डॉक्टर आणि बसचा ड्रायव्हर शेजारीशेजारी उभे राहून सणाची गाणी म्हणतात. सुरात असोत नसोत, म्हणतात. मी परत आले ती हेच घेऊन. सण आला की आपण स्पीकरची भिंत भाड्याने आणतो आणि तिच्यापुढे मुकाट उभे राहतो, हे मला बघवत नव्हतं. प्रत्येक घराचं एक तरी स्वतःचं गाणं असावं, वेडंवाकडं का असेना. आई-बाबा नाशिकला, त्यामुळे मी राहायला मामाकडे. साहजिकच पहिलं घर मामाचं.

मामीने एकच अट घातली होती. गेल्या पावसाळ्यात मामाच्या फुप्फुसाचा एक तुकडा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले होते, “बोला, गुणगुणा, दिवसाला एखादं गाणं म्हणा. पण दम तुटेपर्यंत ओढू नका. तुटला तर पुन्हा जुळेलच असं नाही.”

“एक गाणं, एकदाच,” मामीने मला बजावलं. “तुझी चळवळ तुझ्यापाशी. माझा नवरा एकच आहे.”

मी शब्द दिला.

२

मागची खोली आम्ही गाद्यांनी भरली होती. मामेबहिणीच्या लग्नात पाहुण्यांसाठी केलेल्या कापसाच्या गाद्या माळ्यावर पडून होत्या. दोन भिंतींना टेकवल्या, बाकीच्या जमिनीवर पसरल्या. आवाज घुमत नाही. खोली लहानच, चौघं बसलो की पिंपाला हात लागतो.

त्या दिवशी मऊ चकलीचं गाणं होतं. मामाने आणि मी मिळून रचलेलं.

“चकली गं चकली, काय तुझी शान,
डब्यात जाताना ताठ तुझी मान,
पाहुणे आले, झाकण उघडलं,
हाय रे दैवा, अवसान गळलं!”

“चकली मऊ पडली हे गावभर सांगायलाच हवं का?” मामीने विचारलं.

“कला ही अनुभवातून येते,” मामा म्हणाला.

“अनुभव तुमच्या बहिणीच्या भाजणीचा होता. मग तिचं नाव घाला गाण्यात.”

मामाने गाणं झकास म्हटलं. ‘अवसान गळलं’वर त्याने आवाज असा खाली सोडला की मामीच्या हातून शिटी सुटली. शेवटच्या परातीचा नाद विरेपर्यंत आम्ही सवयीप्रमाणे श्वास धरून बसलो, मग मी रेकॉर्डिंग थांबवलं.

ऐकायला मी हेडफोन लावले. मामाचा शेवटचा सूर, परातीचा नाद, आणि तो विरत असताना कोणीतरी म्हणालं, “वन्स मोअर.”

पुरुषाचा आवाज. सभ्य. आरडाओरड नाही, मागणी. आणि लांबून आलेला. आमच्या त्या एवढ्याशा खोलीत, जिथे सगळ्यात लांबचा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर होता, तो आवाज एखाद्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून यावा तसा आला होता.

“चेतन,” मी हेडफोन काढत म्हटलं, “मस्त जमलंय. पण आधी सांगायचंस.”

“काय?”

मी सगळ्यांना ऐकवलं.

“मी नाहीये हा,” चेतन म्हणाला. “लिटरली शपथ. मी तर तोंड बंद करून बसलो होतो, शिंक येत होती मला. खालच्या फ्लॅटमध्ये टीव्ही असेल कोणाचा तरी.”

“या वेळेला?” मामी म्हणाली. “खालच्या देवधरांकडे या वेळेला माशीसुद्धा पाय पुसून येते.”

मामाने माझ्याकडून हेडफोन घेतले आणि तेवढाच भाग पुन्हा ऐकला. मग पुन्हा.

मामाबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. तरुणपणी तो नारायण पेठेतल्या एका हौशी संगीत नाटक मंडळीत होता. भाला घेऊन दरबारात उभं राहायचं आणि कोरसमध्ये गायचं. एकदाच मुख्य नट आजारी पडला आणि मामाला पुढे यायला मिळालं. टाळ्या पडल्या. वन्स मोअर नाही. त्या दोन शब्दांसाठी माणूस जन्मभर गातो, असं तो हसत हसत म्हणायचा. मीही ते हसण्यावारी न्यायचे.

त्याने हेडफोन काढले, शर्टाची कॉलर नीट केली आणि मांडी बदलून बसला.

“चला,” तो म्हणाला. “वन्स मोअर आलाय. घ्यावा लागतो.”

“अहो, कोणाचा?” मामी म्हणाली.

“ते विचारायचं नसतं. प्रेक्षकाने मागितलं की द्यायचं. ती रीत आहे.”

तो इतका खूश होता की मी दिलेला शब्द माझ्या लक्षात असूनही मी पेटीवर हात ठेवला. चेतनने पिंप ओढलं. मामाने अख्खं गाणं पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा रंगवून. रात्री त्याला थोडी धाप लागली. मामीने माझ्या ताटात भाजी जरा आपटून वाढली.

३

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. आवाजाला कारण असतं. दुसऱ्या दिवशी मी सोसायटीतल्या प्रत्येक घरी जाऊन काल दुपारी काय चालू होतं ते विचारलं. एकीकडे दिवाळी अंक वाचत होते, एकीकडे चिवडा, बाकी सगळीकडे झोप. खाली मुलं किल्ला करत होती, पण त्यांना त्या वेळेत कुजबुजण्याचीच परवानगी होती.

माईक दोन होते, एक पिंपाजवळ, एक मामापुढे. बाहेरचा आवाज असता तर दोन्हींत आला असता. तो फक्त मामाच्या माईकमध्ये होता. मी वायरी बदलल्या. फाइल उघडून त्या आवाजाचा तरंग पडद्यावर मोठा करून बघितला. त्याच्या आधी, गाणं चालू असतानाच्या भागात, बारीक बारीक उंचवटे होते जे माझ्या नजरेतून सुटले होते. ते वाढवून ऐकले.

हसणं होतं. ‘ताठ तुझी मान’ला हलकं, ‘अवसान गळलं’ला चांगलं खळखळून. बरोबर जिथे हसायला हवं तिथे. आणि एके ठिकाणी, जिथे मामा हात हलवून चकली कशी वाकते ते दाखवतो, तिथेही. म्हणजे हसणाऱ्याला तो हात दिसला होता.

हे मी मामाला सांगायला नको होतं, पण सांगितलं. मला वाटलं तो घाबरेल आणि थांबेल.

“हाताला हसले?” त्याने विचारलं. “मी मुद्दाम केला होता तो हात. तुम्ही तिघं वाद्यांकडे बघत होतात.”

त्या दुपारी आकाशकंदिलाचं गाणं होतं. त्यालाही वन्स मोअर आला. मामाने घेतला. मग चकलीलाही पुन्हा मागणी आली, नाव घेऊन: “मऊ चकली.” मामाने तीही घेतली. आम्हाला ते सगळं नंतर हेडफोनमध्ये कळत होतं, मामाला मात्र आता हेडफोन लागत नव्हते. गाणं संपलं की तो मान जरा तिरकी करायचा, ऐकायचा, हसायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

गाताना तो तरुण दिसायचा, हे मला मान्य करायला हवं. थांबला की ओठांभोवती निळसर रेघ दिसायची.

४

“आता पुरे,” मामी म्हणाली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो, शंकरपाळे कातत. “तो कोण आहे ते मला माहीत नाही आणि करून घ्यायचंही नाही. पण ह्यांचा श्वास मी रात्रभर मोजते.”

“मी गाते,” मी म्हटलं. “मामाशिवाय रेकॉर्ड करू. जे काही आहे त्याला गाणं हवंय ना? माझं ऐकेल, आणि आवडलं नाही तर जाईल.”

“तुझं ऐकून राहील असं कोणी मला तरी माहीत नाही,” मामी म्हणाली आणि पहिल्यांदाच जरा हसली.

मामा बँकेत गेला होता तेव्हा आम्ही दोघी आणि चेतन मागच्या खोलीत बसलो. मी चकली गायले. जीव तोडून गायले. माझा आवाज बरा आहे, पण त्यात गंमत नाही. मी विनोद सांगितला तर लोक आधी कारण विचारतात.

ऐकताना एक हेडफोन माझ्या कानात, एक मामीच्या. गाण्यात कुठेही हसू नव्हतं. शेवटच्या परातीनंतर शांतता. मग कोणीतरी बूड हलवल्यासारखा कापडाचा आवाज. दुसरीकडे एक खाकरणं. मग तोच सभ्य आवाज, पण मागच्या वेळेपेक्षा चांगलाच जवळून:

“कालचे गृहस्थ गातील का?”

मी तेवढा भाग स्पीकरवर एकदा लावला आणि मग फाइल पुसून टाकली. मामीने हेडफोन टेबलावर नीट ठेवला.

“बोलायला चांगला आहे,” ती म्हणाली. “ऐक ऋतू. खोलीला कुलूप. गाद्या उद्या माळ्यावर. ह्यांना सांगायचं, लॅपटॉप बिघडला.”

“काकू, खाकरणारा वेगळा होता,” चेतन म्हणाला. स्पीकरवर त्यानेही ऐकलं होतं. “एकाच माणसाने बोलायचं आणि खाकरायचं, इतक्या जवळजवळ? नाही होत.”

आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

“मी फक्त सांगतोय,” तो म्हणाला.

संध्याकाळी मामाला लॅपटॉपचं सांगितलं. तो “बरं” म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मला बरं वाटलं. तिथेच मी फसले. कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याच कपाटात होती, आणि गाण्याला लॅपटॉप लागत नाही.

५

दुसऱ्या दिवशी मामी आणि मी पणत्या आणायला कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलो. मामी पणत्या एकेक वाजवून घेते, त्यामुळे वेळ लागला. परत आलो तेव्हा सोसायटी झोपलेली. जिन्यात पाऊल टाकलं आणि वरून गाणं ऐकू आलं.

“...पाहुणे आले, झाकण उघडलं...”

मामी पणत्यांची पिशवी घेऊनच धावली.

चेतन आमच्या दिवाणखान्यात उभा होता, मागच्या खोलीकडे तोंड करून. वरून गाणं ऐकून तो आमच्याआधी आला होता. खोलीचं दार उघडं होतं, पडदा ओढलेला.

“किती वेळ?” मी विचारलं.

“मी आल्यापासून हेच चालू आहे. संपतं, परत पहिल्यापासून.”

“मग आत जाऊन थांबवायचंस ना!”

“गेलो होतो.” त्याने ओठ चाटले. “दारापर्यंत गेलो. पुढे जाता येईना. जागा नव्हती, ऋतुजा.”

“खोली रिकामी आहे चेतन, मामा एकटा...”

“मला माहितेय. दिसत कोणीच नाहीये. पण पाऊल टाकायला गेलो आणि वाटलं, कोणाच्या तरी पायावर पाय पडेल. मी सॉरीसुद्धा म्हणालो.”

मामीने हे ऐकलंच नाही. ती पडदा सारून आत गेली. सरळ नाही गेली. अंग चोरून, साडी आवरून, गर्दीतून वाट काढत जावं तशी गेली. आपण असं चालतोय हे तिच्या लक्षात आलं नसावं. मी तिच्या मागे तशीच गेले. माझ्या गुडघ्याला काहीच लागलं नाही, तरी मी दोनदा वळसा घेतला.

मामा भिंतीच्या गादीला पाठ लावून उभा होता. उभ्यानेच गात होता, दरबारात उभं राहावं तसा. चेहरा घामाने भिजलेला, ओठ जांभळे, आणि डोळ्यांत एवढा आनंद की मला रडू फुटलं.

“अहो, बसा खाली,” मामीने त्याचा हात धरला. “बस्स झालं.”

“मागितलंय गं,” मामा दोन श्वासांच्या मधून म्हणाला. “सगळे मागतायत. असं... मध्येच... स्टेज सोडून जायचं नसतं.”

त्याने पुन्हा सुरुवात केली. पहिल्याच ओळीत खोकला आला, तो गिळून त्याने ओळ पुरी केली. मामी त्याला ओढत होती आणि तो हलत नव्हता. त्याला ओढून बाहेर नेलं तरी तो मनाने इथेच गात राहील आणि दम तिथेच तुटेल, हे मला दिसत होतं. तो अडकला होता तो त्या आवाजात नाही. आपल्या रीतीत अडकला होता. मग सुटका रीतीतूनच हवी.

मैफल कशाने संपते?

“मामा,” मी ओरडले, “भैरवी घे!”

तो थबकला. त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याच्या देखत त्याच्या नावाची पाटी काढली.

“भैरवी झाली की झालं,” तो कुजबुजला. “त्यानंतर कोणी काही मागत नाही.”

“म्हणूनच!”

“आज पहिल्यांदा मागतायत, ऋतू.”

आणि त्याने पुन्हा श्वास घेतला. तो श्वास आत गेला पण पुरा गेला नाही, मध्येच कुठेतरी चिरकला. मामी म्हणाली, “गा तू.” मला म्हणाली. “काय बघतेस? गा!”

मी पेटी पुढे ओढली. भैरवीतलं माझ्याकडे एकही गाणं नव्हतं. मला रे, ग, ध, नी कोमल एवढंच माहीत होतं, आणि शब्द होते फक्त चकलीचे. मी तेच घेतले. मामाच्या ओळीत ओळ घालून, सावकाश, सगळे कोमल सूर लावून: डब्यात जाताना ताठ तुझी मान.

मला हसू यायला हवं होतं. जगातल्या कुठल्याही घरात ते हसण्यासारखंच होतं. पण कोमल गंधारावर ‘ताठ तुझी मान’ आलं तेव्हा मामीने परात नव्हे, माझ्या आवाजाखाली आपला आवाज धरला. मामी गाते हे मला माहीत नव्हतं. तिने नुसता सा धरला, घट्ट, भिंतीसारखा. दारात उभ्या चेतनने पडद्याच्या दांडीवर बोटांनी ठेका दिला, अगदी हलका. मामा गायचा थांबला. ऐकायला लागला. मग गादीला पाठ घासत हळूहळू खाली बसला आणि त्याने शेजारी टेकलेल्या मामीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

अवसान गळलं. तिथे मी संपवलं.

६

टाळ्या पडल्या नाहीत. भैरवीनंतर लोक क्षणभर गप्प असतात, तसं झालं.

मग माझ्यासमोरच्या गादीवर एक खळगा होता तो वर आला. कापसाच्या गादीवर कोणी बराच वेळ बसून उठलं की ती अशी सावकाश फुगते. त्याच्या बाजूचा खळगाही वर आला. मग त्याच्या मागच्या रांगेतला. मी इतका वेळ त्या गाद्यांकडे बघत गात होते आणि त्या दबलेल्या आहेत हे मला दिसलं नव्हतं. आता एकेक करत सगळ्या गाद्या श्वास सोडल्यासारख्या उठत होत्या. साड्यांची सळसळ झाली. कोणाच्या तरी गुडघ्याची वाटी वाजली. पडदा दाराच्या चौकटीत हलत राहिला, एक जण गेला की पुढचा, एक जण गेला की पुढचा. चेतन भिंतीला चिकटून उभा होता आणि सगळ्यांना वाट देत होता. बाहेर दारापाशी चपला शोधण्याचा, पायाने उलट्या-सुलट्या करण्याचा तो आवाज, जो प्रत्येक कार्यक्रमानंतर होतो, बराच वेळ चालला. आमच्या दारात त्या वेळी फक्त आमचे चार जोड होते.

मी एक-दोघंच धरले होते. घर भरलं होतं.

मामाचा श्वास हळूहळू सरळ होत होता. मामी त्याच्या छातीवर हात फिरवत होती आणि तिने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, संपलं.

पडदा हलायचा थांबला होता. त्याच्या पलीकडून, अगदी उंबऱ्यावरून, तो सभ्य आवाज म्हणाला, “फार छान झालं. पुढचा कार्यक्रम कधी?”

मामाने डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं, ओठ विलगले. तो काय सांगणार हे मला कळत होतं. ‘उद्या’ सांगणार होता. आणि एकदा त्याच्या तोंडून शब्द गेला की तो मोडणारा माणूस नव्हता.

“तुळशीच्या लग्नाला,” मी म्हणाले. मामाच्या आधी, मोठ्याने. “आणि गाणार मी. हे गाणार नाहीत. ह्यांनी गाणं सोडलंय.”

मामाचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

पलीकडे त्याने घसा साफ केला. विचार करत असावा. मग, “बरं. तुम्ही अजून थोडी मेहनत घ्या,” असं म्हणून तो जिना उतरला. पुण्यातलाच असणार, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

७

मामाला आम्ही त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. नरकचतुर्दशीचं उटणं त्याला मामीने तिथेच, सलाइनचा हात सोडून, लावलं आणि नर्सबाईंची बोलणी खाल्ली. पाडव्याला तो घरी आला. डॉक्टरांनी गाण्याचं नावच काढू नका म्हणून सांगितलंय. गाणी ग्रुपवर गेली. या वर्षी अंगठे सोडून लोकांनी चक्क वाक्यं लिहिली. ‘प्रेक्षक कुठून आणलेत? अगदी नाट्यगृहात बसल्यासारखं वाटतं,’ असं कोल्हापूरच्या आत्यांनीसुद्धा लिहिलं, आणि पेटीबद्दल काहीही म्हटलं नाही.

मी मेहनत घेतली. खरोखर घेतली. मामाच मला शिकवत होता, न गाता, हातवारे करून. ‘इथे थांब. इथे लोकांना आधी हसू दे, मग पुढचा शब्द टाक.’ पहिले दोन दिवस रुसला होता, मग राहवेना त्याला. आता मला हसवता येतं. चेतन परवा पिंपावरून घसरला.

आज तुळशीचं लग्न. गॅलरीत मामीने वृंदावन सजवलंय, ऊस आणलेत, लग्न संध्याकाळी लागेल. दुपारची जेवणं झाली, सोसायटीने डोळे मिटले. मी पेटी घेऊन मागच्या खोलीत गेले तर पुढची गादी आधीच दबलेली होती. एका कडेला तेवढी थोडी जागा उरली होती.

मी काही बोलायच्या आत मामा माझ्या मागून आत आला. धुवट सदरा, केसांना तेल.

“मी गात नाही,” तो म्हणाला. “ऐकायला तर बसू शकतो?”

मामी दारात परात घेऊन उभी होती. तिने काही म्हणायला तोंड उघडलं, पण तोपर्यंत मामा पुढच्या रांगेत गेला होता. त्याने वाकून, अगदी अदबीने, शेजारच्या खळग्याला म्हटलं, “जरा सरकता का?”

गादीवरचा खळगा सरकला. मामा ऐसपैस बसला. मग त्याने मान तिरकी केली, कोणीतरी कानाशी काही विचारत असल्यासारखी, आणि हळूच म्हणाला, “हो हो, भाचीच माझी.”

मामी खाली बसली. चेतनने पिंप मांडीत घेतलं. मामा शेजारच्याकडे वळून आणखी काहीतरी सांगणार होता.

मी सूर लावला. चांगला लागला. मामाने चटकन माझ्याकडे बघितलं, आणि मी गायला लागले, जितकं हसवता येईल तितकं, त्याची नजर पुन्हा तिकडे वळू नये म्हणून.